कंच्या दोन?

गेणूआबांनी उभ्या जन्मात कधी मेंढरं मोजली नाहीत. दिवस कलला की मेंढरं कोंडायच्या, बोराटीच्या काट्यांच्या वाडग्याचा झापा उघडून ते बाजूला उभे राहायचे, काठी काखेत धरून, आणि आत जाणाऱ्या एकेकीचं तोंड बघायचे. बघता बघता म्हणायचे, "काजळी मागं ऱ्हायली," नाहीतर, "बांडीची पोर कुठाय?" आणि खरंच काजळी कालव्याच्या कडेला बाभळीच्या शेंगा खात रमलेली असायची. शेवटची मेंढी आत आल्याशिवाय झापा लागायचा नाही. जयवंता नवी नवरी होऊन वस्तीवर आली तेव्हा तिनं कौतुकानं विचारलं होतं, "आबा, किती हायती आपली मेंढरं?" त्यावर सासूनं, साखरबाईंनी, चुलीपुढूनच तिला गप्प केलं होतं. "जित्राब मोजू न्हाय, सूनबाय. मोजलं की उतरतं."

ही वस्ती पिंपळीच्या पुढं, कालव्याच्या अंगाला. चार घरं, एक कडुनिंब आणि भांडायला कारण नसलं तर शोधून काढणारी दोन कुत्री. आबांच्या तरुणपणी त्यांचा कळप दसरा झाला की कोकणाच्या वाटेला लागायचा. मग दोन एकर भिजायला लागलं, मुलगा नागेश बारामतीला एका कंपनीत फिटर झाला, आणि कळप उरला तो आबांच्या हौसेपुरता. किती उरला होता ते इथंही सांगत नाही; आबांना आवडलं नसतं.

सगळं रामायण घडलं ते या न मोजण्यावरून.

नागेश आणि जयवंताला एकच मुलगी, सुकन्या. घरात ती सुकी. १९९६ सालच्या जुलैत ती चौथीत होती. शाळा दीड मैलावरच्या वाडीत. तिथं नवे गुरुजी आले होते. तसा माणूस वाईट नव्हता, पण दोन वर्ग एकट्यानं सांभाळायचे म्हटल्यावर दुपारपर्यंत डोकं तापायचंच. पोरं धनगराची आहेत म्हणून त्यांनी एके दिवशी मुद्दाम मेंढ्यांचं गणित घातलं. बारा मेंढ्या होत्या, लांडग्यानं दोन नेल्या, किती राहिल्या? सुकी उभी राहिली आणि काळजीनं म्हणाली, "कंच्या दोन, गुर्जी?"

वर्ग फिदीफिदी हसला. गुरुजींना वाटलं, एवढीशी कार्टी आपली टिंगल करतेय. त्यांनी पुन्हा विचारलं, सुकीनं पुन्हा तेच विचारलं. मग छडी निघाली. आधी एका हातावर, मग दुसऱ्या. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला "ए कंच्या दोन!" म्हणून हाका मारायला लागली. आठ दिवसांत सुकीला सकाळचा ताप यायला लागला. तो सोमवार ते शनिवार यायचा आणि रविवारी पोरगी खणखणीत.

तापाचं जयवंताला एवढं वाटलं नाही. पोरांची सोंगं तिला ठाऊक होती. पण सुकीनं विचारणं सोडलं, तेव्हा ती हबकली. ही पोरगी म्हणजे प्रश्नांचं पोतं होती. कालव्याचं पाणी रात्री कुठं झोपतं? बारामतीला आगीनगाडीचे रूळ संपतात, तर त्यांना कसं कळतं की हितं संपायचं? काजळीचे डोळे काळे, मग तिला सगळं काळं दिसतं का? कधीकधी जयवंता वैतागून म्हणायची, "तोंडाला कुलूप लाव गं बाई." आता कुलूप लागलं होतं आणि घर खायला उठत होतं.

जयवंता इंदापूरकडची, तिच्या वस्तीवरची दहावी झालेली पहिली मुलगी. वडिलांनी तिचा निकालाचा कागद काच लावून देवाशेजारी टांगला होता, आणि त्याच वर्षी तिचं लग्न उरकलं होतं. तिनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी नागेशच्या ताटात भाकरी वाढता वाढता सांगून टाकलं, "सुकीला मी घरी शिकवती."

नागेशचा घास हातातच राहिला. "तू? तू कदी झालीस मास्तरीण?"

"आजपासनं."

"अगं, मार खाल्ल्याबिगर कुनी शिकलंय व्हय? माज्या पाठीवर मास्तरांनी किती रूळ मोडलं! म्हनून आज पगार हाय." मग त्यानं नेहमीचा दाखला दिला. त्याच्या चुलतभावानं, कुंडलिकनं, दोन्ही पोरं इंदापूरच्या एका वसतिगृहाच्या शाळेत घातली होती. निकाल शंभर टक्के. ती पोरं दिवाळीत घरी आली की जेवायला बोलावल्यावर दोघंच असूनही रांग लावायची आणि पाणी प्यायलाही परवानगी मागायची. कुंडलिकला त्याचा फार अभिमान. "सुकीलाबी तितंच घालू. मुलींची सोय हाय," नागेश म्हणाला.

नऊ वर्षांची पोर, आणि वर्षातून दोनदा घरी. जयवंतानं भाकरीची टोपली खाली ठेवली. शेवटी घासाघीस होऊन ठरलं ते असं: बारामतीला मुलींची एक शाळा होती, तिथल्या मोठ्या बाई स्वतः परीक्षा घेऊन पाचवीत घ्यायला तयार होत्या. मे महिन्यात सुकी त्या परीक्षेत पास झाली तर घरून एसटीनं ये-जा करायची. नापास झाली तर जूनमध्ये ट्रंक भरायची आणि इंदापूर. जयवंतानं मान हलवली. हलवताना तिला धीर होता. धडकी भरली ती नंतर.

हौसेला मोल नाही म्हणतात. जयवंतानं पडवीत शाळा मांडली. भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. दहा वाजता पितळेच्या ताटावर पळी वाजवून घंटा. मग प्रार्थना. मग हजेरी, एकाच विद्यार्थिनीची. सुकी भिंतीला टेकून "हजर" म्हणायची आणि साखरबाई पदर तोंडात कोंबून हसू दाबायच्या. जयवंताला मात्र हसू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं मे महिना होता. सातचा पाढा झाला, आठचा सुरू झाला, आणि आठ सातेला सुकी अडली. काल आलं होतं, परवा आलं होतं, आज अडली. जयवंताच्या हातात आखायची लाकडी पट्टी होती. ती कशी खाली आली ते तिचं तिलाच कळलं नाही. फार जोरात नव्हती.

सुकी रडली नाही. तिनं मार लागलेला हात मागं घेतला आणि न सांगता दुसरा हात पुढं केला. तळवा उताणा, बोटं ताठ.

त्या हाताकडं बघताना जयवंताला स्वतःची जी लाज वाटली, ती तिला जन्मभर पुरली. ती उठली, चुलीपाशी गेली आणि पट्टी जाळात घातली. चांगल्या सागाची होती, छान पेटली. साखरबाईंनी त्यावर चहा ठेवला.

"आई, उद्या घंटा कवा?" सुकीनं हळूच विचारलं.

"घंटा मोडली," जयवंता म्हणाली. "जा आबांच्या मागं."

पंधरा दिवस तिनं पोरीला काही म्हणजे काही शिकवलं नाही. नागेश रोज संध्याकाळी लूना लावता लावता विचारायचा, "काय झालं आज?" आणि जयवंता म्हणायची, "लई झालं." ते धादांत खोटं होतं. सुकी सकाळी आबांबरोबर जायची, कालव्याकडेनं, पडीक रानातनं, आणि संध्याकाळी कुसळांनी भरलेला परकर घेऊन यायची. आबा शिकवत नव्हते. त्यांना शिकवणं हा प्रकारच माहीत नव्हता. ते फक्त विचारायचे, "वळख बरं, ही कुनाची?" आणि ओळखलं नाही तर म्हणायचे, "बघ मंग अजून. ती काय पळून जातीया?"

सतराव्या की अठराव्या दिवशी दोघं भांडतच घरी आले. काजळीची आजी कोण यावरून. आबा म्हणत होते सोनकी, सुकी म्हणत होती की सोनकी तिची आई. शेवटी आबांनी कपाळ खाजवलं. "इसरलो गं पोरी. माज्यामागं ह्ये कोन सांगंल?" सुकी तशीच धुळीच्या पायांनी आत आली आणि जयवंताला म्हणाली, "आई, वही दे. आबा इसरत्यात. लिवून ठेवती."

जयवंताच्या हातातली परात निसटता निसटता राहिली. पण ती शहाणी झाली होती. तिनं आनंद दाखवला नाही. नागेशच्या कंपनीची डायरी फळीवर कोरीच पडली होती, ती काढून दिली, आणि पीठ मळत राहिली.

एका पानावर एक मेंढी. "काजळी. डोळे काळे. ऊजवा कान कापलेला. आई सोनकी. सोनकीची आई आबा विसरले. सभाव रागीट. हिला कडबा आवडत नाही." डायरीत तारखा छापलेल्या होत्या, पण अनुक्रमांक असा कुठंच नव्हता. आबांनी ते खास विचारून घेतलं. "आकडं तर न्हाय ना घालीत?"

चुका बघून जयवंताची बोटं शिवशिवायची. लाल पेन कुठं ठेवलंय हेही तिला ठाऊक होतं. तिनं ते पेन नागेशच्या खिशाला लावून कंपनीत पाठवून दिलं आणि स्वतः एक पान लिहिलं. "साखरबाई. उजव्या गालावर तीळ. स्वभाव गोड, सकाळचा चहा मिळेपर्यंत रागीट." सुकीनं ते मोठ्यानं वाचलं तेव्हा आबा खोकला लागेपर्यंत हसले. साखरबाईंनी रागावल्यासारखं केलं आणि चार वेळा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी जयवंतानं डायरी उघडली, तर काजळीच्या पानावरचे 'ऊजवा' आणि 'सभाव' दोन्ही खोडून दुरुस्त केलेले होते. कुणी काही बोललं नव्हतं.

तिथून गाडी रुळावर आली. कुणाचं पाहून केलं म्हणावं, तर पाहायला कुणी नव्हतं. चुकत चुकतच जयवंताला कळत गेलं. भूक नसताना भरवलं तर लेकरू थुंकतं, एवढं प्रत्येक आईला समजतं. शिकवताना तेवढं आपण का विसरतो, याचं तिला नवल वाटायचं. मंगळवारच्या बाजारातून डाळ, गूळ, मीठ यायचं ते वर्तमानपत्राच्या पुड्यांत. ते कागद साखरबाई चुलीला घालायच्या. आता ते सुकीच्या ताब्यात गेले. आबांना अक्षर येत नव्हतं, म्हणून दुपारी बांधावर बसून सुकी त्यांना पुड्या वाचून दाखवायची. कागद नेमका फाटलेला असायचा. कुठं चोर भिंतीवरून उडी मारायचा आणि पुढचं गूळवाल्याकडं राहिलेलं. मग आबा आणि नात मिळून त्या चोराचं पुढं काय झालं ते ठरवायचे. आबांचा चोर दरवेळी पकडला जायचा, सुकीचा निसटायचा. संध्याकाळी दोन्ही शेवट जयवंताला ऐकावे लागायचे, आणि सुकीला आपला शेवट लिहून काढायचा असायचा, कारण आबा नंतर शब्द फिरवायचे.

एकदा साखरबाईंनी घोंगडीच्या पट्ट्या हातानं मापल्या आणि सुकीनं आपल्या हातानं पुन्हा मापल्या. आजीच्या सहा हात भरल्या, नातीच्या नऊ. "मंग खरा हात कुनाचा?" झालं, पुढचे चार दिवस वस्तीवरचं प्रत्येक माणूस हात पुढं करून उभं होतं. शेजारची ठमाबाई म्हणाली, "काय मेलं सर्कारी मोजणी चाललीय का?" नागेशनं रविवारी कंपनीतली स्टीलची टेप आणली, सेंटिमीटर दाखवले, आणि बापलेकीनं दुपारचं जेवण विसरून कडुनिंबाचा बुंधा मापला. त्या दिवशी नागेशनं "सतरा पाचे किती?" विचारलं नाही. दर रविवारी विचारायचा.

मेंढ्यांच्या गणिताला मात्र सुकी हात लावत नव्हती. अंडी मोजेल, कणसं मोजेल, एसटीच्या खिडक्या मोजेल. पुस्तकात मेंढी आली की पेन्सिल खाली. आणि पुस्तकवाल्यांना मेंढ्यांवाचून दुसरं काही सुचत नव्हतं. जयवंतानं समजावलं, बाबापुता केलं. मग एकदा ती सरळ आबांपुढं पुस्तक घेऊन गेली. हा त्यांच्या घरचा नेम. तो सुनेनं मोडायचा नसतो, मोडायचा तर त्यांनीच.

आबांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं धरलं, चित्रातल्या मेंढीकडं बराच वेळ बघितलं. "हिचं कान कुनी असं काढल्यात? बोकडागत?" मग सुकीला जवळ ओढलं. "हे बघ, पोरी. ही कागदाची मेंढी. ही चारा खाती का?"

"न्हाय."

"वरडती का?"

"न्हाय."

"मंग हिला दिष्ट लागत न्हाय. मोज बिनघोर. वाडग्यातली तेवढी मोजू नगंस."

सुकीनं मोजल्या. गणित बरोबर आलं. उत्तर लिहून झाल्यावर तिनं डोकं वर करून विचारलं, "पर आई, लांडग्यानं नेल्या त्या कंच्या?" जयवंतानं तिला पोटाशी धरलं. किती महिन्यांनी पोरीच्या तोंडी तो प्रश्न परत आला होता.

ते दिवस जयवंताला अजून आठवतात. आता वस्तीपर्यंत डांबरी झाली, वाडग्याच्या जागी पत्र्याची शेड आहे, आणि गूळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतो. पण मंगळवारच्या दुपारी कागदाची पुडी सोडताना येणारा तो कुर्रकुर्र आवाज, आबांचं "मंग? म्होरं?" आणि कडुनिंबाखाली उघडी पडलेली डायरी, एवढं आठवलं की तिचा जीव भरून येतो. त्या वर्षी घरात सगळे शिकत होते. साखरबाई सही करायला शिकल्या. कुणी शिकवली ते त्या सांगत नसत.

मे उजाडला. परीक्षेच्या दिवशी जयवंतानं सुकीच्या दोन वेण्या घातल्या, धुतलेला फ्रॉक घातला आणि फाट्यावरून एसटी धरली. गाडी सुटली आणि जयवंताचा वर्षभराचा धीर सुटला. डोळ्यांपुढं ट्रंक दिसायला लागली. मोठ्या बाईंना पोरीचा प्रश्न आगाऊपणा वाटला तर? एका प्रश्नानं एक शाळा गेली होती. सुकी खिडकीतून बाहेर बघत विचारत होती, "आई, डायवरला गेर कुठला त्ये कसं कळतं?" आणि जयवंता तिच्याकडं वळून म्हणाली, "सुके, ऐक. तितं कायबी इचारायचं न्हाय. त्या इचारतील तेवढंच सांगायचं. घे, माज्या गळ्याची शपथ."

सुकीनं आईच्या गळ्याची कातडी दोन बोटांत धरली. "शपथ," ती म्हणाली. मग बारामतीचा स्टँड येईपर्यंत गप्प बसली.

मोठ्या बाई पन्नाशीच्या, पांढऱ्या साडीतल्या, जाड चष्म्याच्या. खोलीत पंखा कुरकुरत होता. त्यांनी लेखी परीक्षा घेतली, धडा वाचून घेतला, पाढे विचारले. सुकी सगळ्याची उत्तरं देत होती. शेवटी बाईंनी दाखल्यासाठीच्या कागदावरचा धनगरवस्तीचा पत्ता वाचला आणि हसून म्हणाल्या, "घाबरू नकोस. आता तुमच्या घरचंच गणित घालते. छत्तीस मेंढ्या होत्या. नऊ विकल्या. किती राहिल्या?"

जयवंतानं डोळे मिटले.

"सत्तावीस," सुकी म्हणाली. पुढं काहीच नाही.

"शाबास. सगळं बरोबर आहे." बाईंनी टोपण काढून कागदावर काहीतरी लिहिलं. "पाचवीत घेतलं मी हिला. दाखल्याचं माझ्याकडं. हुशार आहे हो, पण फार गप्प आहे. काय गं, तुला काही विचारायचंय का मला?"

सुकीनं नकारार्थी मान हलवली.

झालं होतं. कागदावर लिहून झालं होतं. इंदापूर टळलं, ट्रंक टळली; उठायचं, बाईंच्या पाया पडायचं आणि साडेबाराची गाडी धरायची. जयवंता पिशवी उचलायला वाकली. टेबलाखाली सुकीच्या मांडीवर तिचे दोन्ही हात होते. उताणे. बोटं ताठ.

पिशवी जयवंताच्या हातातून खाली पडली. आपण परत तेच केलं. पट्टी जाळली आणि शपथ घातली. बाईंनी लिहिलेली शाई अजून ओली होती. एका प्रश्नानं ती फिसकटली असती, हे तिला कळत होतं. कळत असूनही ती म्हणाली, "सुके, सुटली."

"काय सुटलं?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"शपथ घातली हुती मी हिला. कायबी इचारायचं न्हाय म्हनून. ती सुटली." जयवंता सुकीकडं वळली. "इचार बाळा. काय वाटंल त्ये इचार."

सुकीनं आईकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. मग हात उलटे करून फ्रॉकला पुसले. "बाई, नऊ इकल्या त्या कंच्या?"

"म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"गाभन्या इकल्या आसतील तर सत्तावीस बरूबर. पर तान्ह्या लेकराच्या आया इकल्या आसतील, तर लेकरं मागं ऱ्हायली. ती आईबिगर कशी जगायची? मंग सत्तावीस ऱ्हात न्हाईत. आन् एडका इकला आसंल, तर म्होरल्या साली..." ती थांबली. "कंच्या त्ये सांगिटलंच न्हाय तुमी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. जयवंता कागदाकडं बघत होती.

"बावीस वर्षं झाली मला हे गणित घालायला," बाई सावकाश म्हणाल्या. "एवढ्या मुली आल्या नि गेल्या. हे कुणी विचारलं नाही. मलाही कधी सुचलं नाही." त्यांनी खुर्ची टेबलाच्या अलीकडं, सुकीच्या बाजूला ओढली. "बरं, मग तूच सांग. विकायच्या झाल्या, तर कंच्या विकाव्यात?"

साडेबाराची गाडी गेली. दीडचीही गेली. सुकीनं पिशवीतून डायरी काढली आणि काजळीपासून सुरुवात केली. साखरबाईंच्या पानाशी बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की शिपाई दारातून डोकावून गेला. परतीच्या एसटीत सुकीनं पेन्सिल मागून घेतली. "मोठ्या बाई. चष्मा जाड. हसल्या की पोट हलतं," एवढं लिहून ती अडली. "आई, त्यांच्या आईचं नाव इचारायचं ऱ्हायलं गं."

"जूनमधी इचार," जयवंता म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून डोळे पुसले.

जून आला. सुकी पहिल्या दिवशी सातच्या एसटीनं गेली. जयवंताला वाटलं होतं, आज हातपाय मोकळे होतील. तिनं भांडी घासली, अंगण झाडलं, तेच अंगण पुन्हा झाडलं. दुपारी गुळाची पुडी सोडली आणि कागद आपोआप जपून बाजूला ठेवला. बांधावर आबा एकटेच बसले होते, काहीच न ऐकता.

संध्याकाळी कळप आला. आबा झाप्याशी उभे राहिले. काजळी गेली, बांडी गेली, बांडीची पोर गेली. वाडगं भरलं. आबा झापा धरून तसेच उभे.

जयवंता जवळ आली. तिनं आत नजर टाकली; एव्हाना तीही तोंडं ओळखायला शिकली होती. "सगळी आली की, आबा."

"न्हाय," आबा म्हणाले. ते फाट्याच्या वाटेकडं बघत होते.

जयवंतानं झाप्याची दुसरी बाजू धरली. मेंढरं आतून ओरडत होती, कुत्री भुंकत होती, आणि बऱ्याच वेळानं लांबवर एसटी थांबल्याचा आवाज आला. मग वाटेवर दप्तर दिसलं, मग दोन सुटलेल्या वेण्या. सुकी धावतच आली आणि लांबूनच ओरडली, "आबा, मोठ्या बाईंच्या आईचं नाव म्हाळसा!"

आबांनी तिचं धुळीनं भरलेलं तोंड नीट बघितलं, आणि मग झापा लावला.